वसईच्या तहातला भविष्यकाळ

वसईचा तह मराठी माणसाला ठाऊक असतो तो परीक्षेपुरता. ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव, तैनाती फौज, मराठेशाहीच्या शेवटाची सुरुवात. एवढं लिहिलं की गुण मिळतात. तहाचा मजकूर मात्र सहसा कुणी वाचत नाही. तो वाचावा. इतिहासाचा कागद म्हणून वाचावाच, पण इंग्रजी भाषेचा नमुना म्हणूनही सावकाश, एकेका क्रियापदावर बोट ठेवून वाचावा, असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे. इंग्रजीत उद्याबद्दल बोलायचे जे निरनिराळे प्रकार आहेत, त्यांतून कधी कोणता निवडायचा हे समजायला याच्याइतका जिवंत मजकूर माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि तो आमच्या गावच्या नावानं ओळखला जातो.

शाळेत नियम शिकवला जातो तो असा: ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे ‘शॅल’, बाकी सगळ्यांपुढे ‘विल’, वचन द्यायचं असेल, धमकी द्यायची असेल, हुकूम सोडायचा असेल तर उलट. नियम पाठ होतो, पण तो असा का, हे वर्गात बहुधा निघतच नाही. मुलाच्या मनातला प्रश्न तर अगदी रास्त असतो. मराठीत ‘जा’ला ‘ईन’ लावलं की ‘जाईन’, ‘शील’ लावलं की ‘जाशील’. क्रियापदाच्या पोटातच उद्या येऊन बसतो. इंग्रजीत ‘गो’ला असं काही का लावता येत नाही?

लावता येत नाही, कारण इंग्रजीपाशी भविष्यकाळाचा असा प्रत्यय नाही. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी बहुतेक वर्तमानकाळावरच भागवायची. आजचं असो की उद्याचं, रूप एकच. पुढे तिनं दोन जुनी क्रियापदं या कामाला जुंपली. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छा असणं आणि ‘शॅल’चा मूळ अर्थ देणं लागणं. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला उद्याचं काही सांगताना एक गोष्ट ठरवून घ्यावी लागे: हे कुणाच्या इच्छेनं घडायचं आहे, की कुणाच्या तरी अंगावर ते देणं आहे? रोजच्या बोलण्यात हे अर्थ झिजून गेले. करारात, कायद्यात, तहात ते अजून जागे असतात.

या दोघांची वाटणी नियमात बसवून दाखवली ती जॉन वॉलिस यांनी, १६५३ साली. हे ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. इंग्रजीचं व्याकरण त्यांनी लॅटिनमध्ये लिहिलं, परदेशी माणसाला इंग्रजी शिकता यावी म्हणून. त्यांच्या वाटणीमागचा तर्क मला आजही देखणा वाटतो. मी स्वतःबद्दल ‘माझी इच्छा आहे’ म्हणालो तर ते वचन होतं; म्हणून ‘आय विल’ म्हणजे शब्द दिला. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते मी छातीठोक कसं सांगणार? म्हणून ‘ही विल’ हा नुसता अंदाज. पण दुसऱ्याबद्दल मी ‘ही शॅल’ म्हणालो, तर तो देणं लागतो असं मी ठरवून टाकलं. तो हुकूम झाला, किंवा त्याच्या वतीनं मी दिलेली हमी झाली. प्रत्यक्षात लोक या वाटणीनं फारसं बोलत नव्हते, हे चार्ल्स फ्रीझ यांनी १९२५ मध्ये नाटकांतले संवाद तपासून दाखवलं. आणि १९०६ साली फाउलर बंधूंना याच दोन शब्दांवर पानंच्या पानं खर्ची घालावी लागली होती, यावरूनच नियम किती निसटता होता ते कळतं. पण तृतीय पुरुषातलं ‘शॅल’ बांधून घालतं, एवढा भाग कायद्याच्या भाषेत पक्का राहिला. जाता जाता एक गोष्ट. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात १६५५ साली आणलं तेही याच वॉलिस यांनी. तहाच्या पहिल्याच कलमात अनंतकाळ येतो, म्हणून हे आधी सांगून ठेवलं.

प्रसंग थोडक्यात असा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरले आणि इंग्रजांच्या जहाजातून डिसेंबरच्या मध्यावर वसईला पोचले. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकलेली ही वसई. त्यांच्याच सख्ख्या भावाचा नातू आता इथे आश्रयाला आला होता. समोर कंपनीचे पुण्याचे रेसिडेंट लेफ्टनंट कर्नल बॅरी क्लोज, त्यांच्या मागे कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्ली. पंधरवड्यात तह झाला.

आता पहिलं कलम. दोन्ही राज्यांमधला स्नेह या तहानं वाढेल आणि तो कायमचा राहील, असा त्याचा आशय. इंग्रजीत क्रियापद आहे ‘शॅल बी परपेच्युअल’. लगेच पुढे, एकाचे मित्र आणि शत्रू ते दोघांचेही मित्र आणि शत्रू, तिथेही ‘शॅल बी’. इथे थोडं थांबावं. ‘शॅल’ तृतीय पुरुषात आलं की बांधून घालणारा कुणीतरी बोलणारा मागे असतो, असं वॉलिस यांचा नियम सांगतो. मग इथे बोलतंय कोण? ‘मी’ कुठेच नाही. पेशवे बोलत नाहीत, कंपनी बोलत नाही. कागदच बोलतो आहे. आणि कर्ता आहे ‘स्नेह’. म्हणजे देणं लागतो तो स्नेह! माणसांना वगळून एका भाववाचक नामाला कर्तव्याला बांधलं आहे. कलम वाचताना ते भारदस्त वाटतं ते यामुळे, आणि त्यात कुणालाच पकडता येत नाही तेही यामुळेच. ‘परपेच्युअल’ या शब्दानं मुदतच काढून टाकली. ‘विल’ लिहिलं असतं तर ते भाकीत झालं असतं, आणि भाकितं चुकतात. ‘शॅल’ला चुकण्याची मुभा नाही, ते पाळलं जातं किंवा मोडलं जातं.

मराठीत आपण इथे ‘राहील’ म्हणतो. सरकारी मराठीनं हा शब्द फार चांगला पेलला आहे. ‘बंधनकारक राहील’, ‘जबाबदार राहील’, ‘पाणीपुरवठा बंद राहील’: हे भाकीत नव्हे, हे महानगरपालिकेच्या सूचनेवरून वसई-विरारमधल्या कोणत्याही घराला कळतं. राज्यघटनेच्या मराठी पाठात इंग्रजी ‘शॅल’च्या जागी हीच ‘-ईल’ची रूपं आली आहेत आणि कानाला ती कुठेही दुबळी लागत नाहीत. आपला हा प्रत्यय अंदाजही सांगतो आणि आज्ञाही देतो. कोणतं काम चाललं आहे ते संदर्भ सांगतो. इंग्रजीला मात्र दोन शब्दांतून एक उचलावाच लागतो.

आज्ञेवरून आठवलं. वसईत चर्च गावोगावी आहेत, आणि दहा आज्ञा इथल्या अनेक घरांत मुलांच्या ओठांवर असतात. जुन्या इंग्रजी बायबलात त्यांतल्या निषेधाच्या आज्ञा ‘दाउ शॅल्ट नॉट’ या साच्यात आहेत: तू देणं लागतोस, की हे करणार नाहीस. मूळ हिब्रूतही तिथे साधं आज्ञार्थी रूप नसून पुढे घडणारं सांगणारं रूपच आहे. मराठीनं सरळ ‘करू नको’चा मार्ग घेतला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ २०१० साली आलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नंदाखालच्या या लेखकानं बायबलची मराठी सोपी आणि आपलीशी करण्यासाठी वर्षानुवर्षं कष्ट घेतले. एवढा मोठा अनुवाद करणाऱ्याला अशा निवडी किती वेळा कराव्या लागल्या असतील, याचा विचार शॅल-विल शिकवणाऱ्यानं एकदा तरी करावा.

तहाकडे परत येतो. तैनाती फौजेचं कलम हे सगळ्या मजकुराचं हृदय. पेशव्यांनी फौज ठेवून घ्यायची, कंपनीनं ती पुरवायची, सहा हजारांहून कमी नाही असं नियमित देशी पायदळ, बरोबर तोफा आणि युरोपियन गोलंदाज. या कलमात क्रियापदांची पहिली जोडी वर्तमानकाळी आहे: पेशवे घेण्याचं ‘कबूल करतात’, कंपनी देण्याचं कबूल करते. मग फौज कुठे राहील हे सांगताना वाक्य एकदम वळतं आणि येतं ‘इज टू बी स्टेशन्ड’. शॅल नाही, विल नाही, ‘इज टू’.

इंग्रजीतल्या भविष्याच्या रूपांपैकी हे मला सर्वांत धूर्त वाटतं, आणि धूर्त हा शब्द मी कौतुकानं वापरतो. ‘इज टू’ म्हणजे ठरलेलं आहे. कुणी ठरवलं, ते बोलायची गरज नाही. लग्नपत्रिकेतला मुहूर्त, राजाचा दौरा, शाळेचा नियम, फाशीची शिक्षा, सगळं या रूपात बसतं. मराठीत याच्या सर्वांत जवळचं ‘-आयचं आहे’: ‘उद्या दादरला जायचं आहे’, ‘ही फौज मुलखात कायम ठेवायची आहे’. दोन्ही भाषांत गंमत सारखीच, की उद्याचं सांगताना क्रियापद वर्तमानात उभं असतं, ‘इज’ आणि ‘आहे’. जणू घटना अजून व्हायची असली तरी निर्णय आजच घरात येऊन बसला आहे. पेशव्यांच्या मुलखात परक्यांची फौज कायमची ठेवणं ही त्या काळची केवढी मोठी गोष्ट! ती या वाक्यात वाद घालायला जागाच ठेवत नाही. ‘शॅल बी’ म्हटलं असतं तर निदान कुणीतरी काहीतरी बांधून घेत आहे एवढं तरी ऐकू आलं असतं.

पुढचं कलम त्याहून पाहण्याजोगं. फौजेच्या खर्चासाठी पेशव्यांनी मुलूख तोडून द्यायचा होता, सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा. इथे मला भविष्यकाळ अपेक्षित होता. मुलूख अजून दिलेला नाही, अंमल बदलायचा आहे, ठाणी उठायची आहेत. हे सगळं पुढेच होणार. पण कलमात आहे ‘हिअरबाय असाइन्स अँड सीड्स’: याद्वारे नेमून देतात आणि सोडून देतात. साधा वर्तमानकाळ. बोलणं हेच करणं. वाक्य संपलं, मुलूख गेला. आपल्या जुन्या दस्तऐवजांतही हे सामर्थ्य आहे. ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे’ या सुरुवातीत ‘देतो’ हा वर्तमानकाळ असाच काम उरकून मोकळा होतो, आणि सनदेतलं ‘इनाम दिल्हे असे’ तर भूतकाळात जाऊन व्यवहारावर शिक्काच मारतं.

आता ही दोन कलमं शेजारी ठेवा. पेशव्यांनी द्यायचं ते वर्तमानकाळात दिलं गेलं. त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळायचं, ते कुठल्या रूपात आहे? तहाच्या दुसऱ्या कलमात गव्हर्नर जनरलच्या वतीनं एक जाहीर ग्वाही आहे. कुणीही पेशव्यांच्या मुलखावर विनाकारण हल्ला केला तर ब्रिटिश सरकार तो ‘विल नेव्हर परमिट’, कधीही खपवून घेणार नाही, आणि तो मुलूख कंपनीच्या स्वतःच्या मुलखासारखा राखील, तिथेही ‘विल’. आणि फौजेच्या कामांच्या कलमात, ती महत्त्वाच्या कामाला ‘विल ॲट ऑल टाइम्स बी रेडी’. म्हणजे सदैव तयार असेल.

देणं वर्तमानात, आश्वासन ‘विल’मध्ये. इथे उत्साहाच्या भरात कुणी म्हणेल की कंपनीच्या कारकुनांनी शब्दांचा सापळा रचला: ‘शॅल’नं पेशव्यांना बांधलं आणि स्वतःसाठी ‘विल’ची पळवाट ठेवली. मी तसं म्हणणार नाही. तहात कंपनीलाही ‘शॅल’ लागलेलं आहे, आणि सरकार स्वतःबद्दल बोलताना ‘विल’ वापरतं तेव्हा ते वचनाच्या अर्थानंच वापरतं. तृतीय पुरुषाचा मुखवटा घातलेला तो प्रथम पुरुषच आहे. हैदराबादच्या निजामाशी १८०० साली केलेल्या तहातही असाच साचा आहे, म्हणजे वाक्यं खास बाजीरावांसाठी घडवलेली नव्हती. तरीसुद्धा रूपांचा परिणाम राहतोच. ‘सीड्स’ वाचून झाल्यावर उरतो व्यवहार. ‘विल’ वाचून झाल्यावर उरतो विश्वास. एकाची मोजणी महसुलात होते, दुसऱ्याची वाट पाहावी लागते.

त्याच फौजेच्या कलमात एक बारीक जागा आहे, ती मला फार आवडते. फौज महत्त्वाच्या कामाला सदैव तयार असेल, असं ‘विल’नं सांगून झाल्यावर लगेच येतं: पण ती किरकोळ प्रसंगी ‘इज नॉट टू बी एम्प्लॉइड’. शिबंदीसारखी वसुलीला वापरायची नाही, असंही पुढे आहे, आणि तिथे आपला ‘शिबंदी’ हा शब्दच इंग्रजी वेशात ‘सेबंडी’ होऊन बसला आहे. एका वाक्याच्या दोन अंगांत दोन रूपं: तयारी सांगायला मनापासूनचं ‘विल’, मर्यादा सांगायला कोरडं ‘इज नॉट टू’. महत्त्वाच्या कामांची यादी कलमात आहे, पण यादी कितीही केली तरी समोर आलेला प्रसंग किरकोळ की महत्त्वाचा, हे शेवटी कुणीतरी ठरवावं लागतं. ‘इज नॉट टू’ त्या कुणाचं नाव घेत नाही. गद्याची ही ताकद आहे, आणि ती मान्य करायला आपली सहानुभूती पेशव्यांकडे असण्याची अडचण होऊ नये.

अजून एक रूप, आज मेलेलं. एखादी सत्ता आगळीक करील तर, असं दुसऱ्या कलमात म्हणताना ‘इफ’च्या मागोमाग ‘शॅल कमिट’ आहे. आज कुणी असं लिहिलं तर शिक्षक खोडेल. ‘जर’च्या वाक्यात आता इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते, ‘इफ इट रेन्स’. मराठी त्याहून पुढची पायरी चढते आणि थेट भूतकाळ घालते: ‘पाऊस आला तर’. अजून ढगही दिसत नाही आणि पाऊस ‘आला’! शक्यतेची गोष्ट करायची तर ती क्षणभर घडली असं धरूनच चालायचं, हा आपल्या भाषेचा बाणा आहे. आमच्याकडे मराठीतून इंग्रजीत जाणारी मुलं ‘इफ इट विल रेन’ लिहितात, ती ‘येईल’च्या ओढीनं, त्यांना ‘आला तर’ची आठवण करून दिली की ‘विल’ आपोआप गळून पडतं, असा माझा अनुभव आहे.

तहात जे नाही तेही पाहावं. ‘गोइंग टू’ कुठेही नाही. हे रूप पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत दिसू लागतं. आधी खरोखर कुठेतरी काही करायला निघालेला माणूस, मग चालणं संपलं आणि नुसता बेत उरला. १८०२ मध्ये बोलण्यात ते रुळलेलं होतं, पण राजदरबारच्या कागदाला ते चाललं नसतं. आजच्या विद्यार्थ्याला मात्र खरी निवड करावी लागते ती इथेच, आणि वसईचा माणूस ती निवड मराठीत दिवसभर अचूक करत असतो. जूनमध्ये समुद्राकडून काळं भरून आलं की वाडीत काम करणारा म्हणतो ‘पाऊस येणार’. तो ‘येईल’ म्हणत नाही. ‘येईल’ हा घरात बसून केलेला अंदाज. ‘येणार’ म्हणजे चिन्हं डोळ्यांसमोर आहेत. इंग्रजीत पहिल्याला ‘विल रेन’, दुसऱ्याला ‘इज गोइंग टू रेन’. दारात कुणी हाक मारली, टोपली उचलायला हात हवा आहे, आपण पटकन म्हणतो ‘मी घेतो’ किंवा ‘मी घेईन’. तिथे इंग्रज ‘आय विल टेक इट’ म्हणेल, कारण निर्णय त्याच क्षणी झाला. पण ‘यंदा सोनचाफा लावणार आहे’ हे मनात आधीच ठरलेलं. तिथे ‘गोइंग टू’. दुसऱ्या माणसाशी बोलून वेळ नक्की झाली असेल तर ‘आय ॲम मीटिंग’, आणि वसई रोडहून सुटणारी गाडी वेळापत्रकात छापलेली असते म्हणून तिला साधा वर्तमानकाळ, ‘लीव्ह्ज’. मराठीत या शेवटच्या दोघींना ‘भेटतोय’ आणि ‘सुटते’. ही जोड सगळीकडे जशीच्या तशी बसत नाही. ‘-णार’चा पसारा ‘गोइंग टू’हून मोठा आहे, त्यात निर्धारही मावतो आणि नुसती माहितीही. तरी पहिलं पाऊल टाकायला ती पुरते.

आणि एक रूप आपलं असं की त्याला इंग्रजीत नीट जोड नाही. आतून हाक आली की आपण जागेवरून हलायच्या आधी म्हणतो ‘आलो!’ घराबाहेर पडताना म्हणतो ‘येतो’. जाणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि त्यात परत येण्याचं वचन आपसूक येतं. अगदी जवळचं भविष्य वर्तमानाच्या रूपात सांगितलं तर आपले व्याकरणकार त्याला संनिहित भविष्यकाळ म्हणतात.

व्याकरणकारांचं नाव निघालं की वसईला मान वर करून बोलता येतं. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या दादोबा पांडुरंगांचं घराणं मूळचं वसईतल्या तरखडचं. तर्खडकर हे आडनाव तिथलं. दादोबा जन्मले मुंबईत, १८१४ साली, पेशवाई अजून उभी असताना; त्यांचं ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ आलं १८३६ मध्ये, पेशवाई जाऊन अठरा वर्षं झाल्यावर. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या मतांची कसून तपासणी केली, आणि १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी हा विचार आणखी पुढे नेला. पण पायंडा दादोबांचा. याच दादोबांनी मोरोपंतांच्या केकावलीवर १८६५ साली ‘यशोदा-पांडुरंगी’ ही टीका लिहिली, आईवडिलांच्या नावानं. व्याकरणाचा माणूस काव्याचा रसिक असतो याचा हा आपल्या घरचा दाखला. क्रियापदाचं रूप तपासणं आणि कवितेचा रस घेणं ही त्यांच्या लेखी वेगळी कामं नसावीत, असं मला वाटतं. आणि तर्खडकर हे नाव मराठी घरांत ज्यामुळे दुमदुमलं, ती ‘भाषांतर पाठमाला’, तिची तीन पुस्तकं: मराठी वाक्याचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी करता करता पिढ्यान् पिढ्यांनी इंग्रजी कमावली. आज ती पद्धत जुनाट ठरवतात. माझं मत वेगळं आहे. दोन वाक्यं समोरासमोर ठेवल्याशिवाय ‘येईल’ आणि ‘येणार’ यांतलं अंतर कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांतलंही.

राहिला तहातल्या ‘शॅल’चा पुढचा प्रवास. १३ मे १८०३ रोजी गव्हर्नर जनरलचा भाऊ आर्थर वेलस्ली याच्या बंदोबस्तात बाजीराव पुण्याला परतले. ‘विल’नं दिलेला शब्द पाळला गेला, हे नोंदवायलाच हवं. त्याच ऑगस्टमध्ये कंपनीचं शिंदे आणि भोसले यांच्याशी युद्ध पेटलं आणि एकाचा शत्रू तो दोघांचा शत्रू हे कलम पेशव्यांच्या आपल्याच सरदारांवर लागू झालं. जून १८१७ मध्ये पुण्याच्या तहानं अटी आणखी कडक झाल्या, ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, आणि जून १८१८ मध्ये बाजीराव कंपनीचा सेनानी माल्कम याच्या स्वाधीन झाले. ‘शॅल बी परपेच्युअल’ असलेला स्नेह पंधरा वर्षांत संपला.

माल्कमनं मांडलेल्या अटींतही ‘शॅल’ आहे: बाजीरावांना स्वतःच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी पेन्शन मिळेल, आठ लाखांहून कमी नाही. ब्रह्मावर्ताला बाजीराव १८५१ मध्ये वारले आणि प्रश्न उभा राहिला तो व्याकरणाचाच म्हणावा लागेल. ‘शॅल’ किती काळ बांधतं? नावाच्या माणसापुरतं, की ‘आणि कुटुंबाच्या’ या शब्दांमुळे त्याच्या पुढेही? बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांनी याच शब्दांवर बोट ठेवून दाद मागितली. कंपनीनं ती फेटाळली. सहा वर्षांनी कानपूर पेटलं.

तहाचा इंग्रजी पाठ एचिसननं संपादित केलेल्या तहांच्या संग्रहात छापलेला आहे आणि मोठ्या ग्रंथालयांत तो मिळतो. माझी विनंती वसईतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना आहे. इतिहासाच्या तासाला हा तह शिकवून होतोच. इंग्रजीच्या एका तासाला त्याची पहिली तीन-चार कलमं मुलांपुढे ठेवा, प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा, आणि ‘शॅल’, ‘विल’, ‘इज टू’ आणि ‘सीड्स’ यांना मराठीत काय म्हणाल ते त्यांनाच लिहू द्या.